आरएसएमधला डी: −८८७, १८८५ की ३७? आणि सीमधला प्रोग्रॅम सारखा −६५३ का देतो?

सहमूळ_संख्या
नमस्कार. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, दुसरं वर्ष. डिस्क्रीट मॅथ्सच्या पेपरला आरएसए (संदेश कूटबद्ध करायची रीत) आहे आणि त्याचंच सीमधलं प्रॅक्टिकल सबमिट करायचंय. उदाहरण असं: पी = ४३, क्यू = ६७, म्हणून एन = २८८१ आणि फाय = ४२ × ६६ = २७७२. ई = २५ दिला आहे. ई × डीला फायने भागल्यावर बाकी १ उरेल असा डी (संदेश उलगडायचा घातांक) काढा आणि एम = १०० हा संदेश कूटबद्ध करा, म्हणजे एमचा ई-वा घात काढून एनने भागल्यावरची बाकी घ्या.

अडचणी चार आहेत.

१) युक्लिडच्या रीतीने उलटं येत गेलं की माझा डी −८८७ येतो. उत्तरसूचीत १८८५ आहे. बॅचमधल्या एकीचा प्रोग्रॅम ३७ सांगतो, आणि तिचा संदेश उलगडतोही!

२) प्रोग्रॅममध्ये 'पॉव' वापरून घात काढला आणि २८८१ची बाकी घेतली. आधी कंपाइलच होईना, म्हणून पुढे 'इंट' लावून कास्ट केलं. आता उत्तर −६५३ येतं. सूचीत १८९ आहे.

३) डी शोधायला साधा लूप आहे: डी १ पासून वाढवत जायचा, ई गुणिले डी भागिले फाय यांची बाकी १ आली की थांबायचं. ई = २५ला चालतो. ई = २१ दिला की प्रोग्रॅम थोडा वेळ अडकतो आणि मग डी = १०२२६११२६१ छापतो. हा आकडा आला कुठून?

४) पुढच्या सेमिस्टरला निवडीच्या पेपरात अंकसिद्धांत आणि रेषीय बीजगणित यांतलं एक घ्यायचंय. कोणता घ्यावा?

बाकी_शून्य
पहिल्याचं उत्तर: −८८७ चूक नाही, अर्धवट आहे. आपल्याला २७७२ने भागल्यावर उरणारी बाकी हवी आणि बाकी ० ते २७७१ याच पट्ट्यात लिहायचा संकेत आहे. −८८७ + २७७२ = १८८५. ताळा: २५ × १८८५ = ४७१२५, आणि २७७२ × १७ = ४७१२४. बाकी १.

पेपरात उलट्या क्रमाने कंस उघडत बसू नका. चिन्हाची चूक हमखास तिथेच होते. तीन रकान्यांचा तक्ता करा: भागाकार, बाकी, गुणक. बाकीच्या रकान्यात वर २७७२ आणि त्याखाली २५ लिहा. गुणकात त्यांच्यासमोर ० आणि १. मग प्रत्येक ओळीला एकच नियम लावायचा: नवा गुणक = वरून दुसरा गुणक वजा भागाकार × लगतचा वरचा गुणक.

भागाकार ११०, बाकी २२, गुणक ० − ११० × १ = −११०
भागाकार १, बाकी ३, गुणक १ − १ × (−११०) = १११
भागाकार ७, बाकी १, गुणक −११० − ७ × १११ = −८८७

बाकी १ आली की थांबा. गुणकांची चिन्हं एकाआड एक पालटतात का ते बघा (−, +, −). पालटत नसतील तर त्याच ओळीत वजाबाकी चुकली आहे, पुढे जाऊच नका. आणि शेवटची बाकी १ न येता ० वर उडी मारली, तर मसावि १ नाही, म्हणजे तो ई चालणारच नाही. तुमच्या २१चं दुखणं हेच आहे: २७७२ = २ × २ × ३ × ३ × ७ × ११, आणि २१ त्याचा विभाजक आहे. ३, ७, ९, ११, २१, ३३ आणि सगळ्या सम संख्या इथे बाद. ५, १३, १७, १९, २३, २५ चालतात.

पेन्सिल_एचबी
३७ परीक्षेत लिहू नका. व्याख्येप्रमाणे डी हा फायच्या मॉड्युलोने, म्हणजे फायने भागून उरणारी बाकी बघून, काढायचा असतो. २५ × ३७ = ९२५, याला २७७२ने भागलं तर बाकी ९२५. म्हणजे ३७ चूक. तिचा संदेश योगायोगाने उलगडला असेल.

लसावि
योगायोग नाही हो. ३७ शंभर टक्के बरोबर आहे, फक्त मॉड्युलो वेगळा आहे.

फर्माचं छोटं प्रमेय आठवा. ४३ने भागताना घातांक ४२ने कमी-जास्त झाला तरी बाकी बदलत नाही. ६७ने भागताना तो ६६ने कमी-जास्त झाला तरी चालतो. दोन्ही एकदम सांभाळायचे तर घातांकाला ४२ आणि ६६ यांच्या गुणाकाराची गरज नाही, लसावि पुरतो. ४२ = २ × ३ × ७, ६६ = २ × ३ × ११, लसावि ४६२. आता बघा: २५ × ३७ = ९२५ = २ × ४६२ + १. बसलं. आणि १८८५ला ४६२ने भागा: ४ × ४६२ = १८४८, उरले ३७. −८८७ मध्ये ९२४ मिळवा, पुन्हा ३७. म्हणजे तुमच्याकडे तीन उत्तरं नाहीतच, एकाच उत्तराचे तीन वेष आहेत.

रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांच्या १९७८ सालच्या मूळ निबंधात फायच आहे, म्हणून बहुतेक क्रमिक पुस्तकांत तोच चालत आला. प्रत्यक्ष वापरातली मानकं मात्र लसावि घेतात. पी − १ आणि क्यू − १ दोन्ही सम असल्यामुळे लसावि फायच्या निम्म्याहून मोठा कधीच नसतो. इथे तर सहावा हिस्सा झाला, कारण ४२ आणि ६६ यांचा मसावि ६ आहे.

पेपरात काय लिहावं याबद्दल पेन्सिल_एचबी यांच्याशी सहमत. प्रश्नात फाय दिला असेल तर १८८५च लिहा. तपासणारा सूचीशी ताडून बघणार, त्याला लसाविचा पुरावा वाचायला लावण्यात तुमचा फायदा नाही. तोंडी परीक्षेत मात्र ३७ जरूर सांगा.

एक सापळा इथेच सांगून टाकतो. "आरएसए संदेश परत मिळवून देतो हे सिद्ध करा" या प्रश्नात बहुतेक जण ऑयलरचं प्रमेय लावून मोकळे होतात. ते प्रमेय (एमच्या फाय-व्या घाताला एनने भागलं की बाकी १) एम आणि एन सहमूळ असतील, म्हणजे त्यांचा मसावि १ असेल, तरच लागू. एम = ८६ घेतला तर तो ४३च्या पाढ्यात आहे, प्रमेय लागत नाही, तरी संदेश बरोबर परत येतो. पुरावा पुरा करायचा तर ४३ आणि ६७ वेगवेगळे घ्या: ४३ने भागल्यावर दोन्हीकडे ० आणि ६७ने भागल्यावर फर्मा, मग चिनी बाकी प्रमेयाने (दोन्ही बाक्यांवरून एनने भागल्यावरची बाकी ठरते) जोडा. पी आणि क्यू सारखे असून का चालत नाही, याचं उत्तरही यातच आहे: एन = ४३ × ४३ आणि एम = ४३ असेल, तर वर्ग केल्याबरोबर बाकी ०, संदेश कायमचा गेला.

पॉइंटर_हरवला
दुसऱ्या अडचणीकडे येतो. एक प्रयोग कर. एमच्या जागी ११० टाक, ५०० टाक, २००० टाक. उत्तर −६५३च येईल.

कारण असं: 'पॉव' डबल (दशांश संख्यांचा प्रकार) परत देतो. सीमध्ये बाकीचं चिन्ह डबलवर चालत नाही, म्हणून आधी कंपाइलरने अडवलं. तो अडवत होता तेच बरं होतं! १००चा २५वा घात म्हणजे १ वर ५० शून्यं. ३२ बिटांच्या इंटमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. न मावणारा डबल इंटमध्ये कोंबला तर काय व्हावं हे सीच्या मानकात ठरवलेलंच नाही, पण इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर अशा वेळी ठरावीक एकच आकडा देतात: −२,१४,७४,८३,६४८. त्याला २८८१ने भागलं की बाकी −६५३. म्हणजे तुझ्या उत्तरात एमचा अंशही नाही. एम = २ला उत्तर बरोबर येईल, कारण २चा २५वा घात ३,३५,५४,४३२ आहे आणि तो मावतो. ३पासूनच गाडी घसरते. पोरं २ घालून तपासतात आणि प्रोग्रॅम चालतो म्हणून सबमिट करतात, ते यामुळे.

'एफमॉड' (डबलची बाकी काढणारं फंक्शन) वापरायचा सल्ला कुणीतरी देईलच. घेऊ नकोस. डबलमध्ये अचूकतेचे ५३ बिट असतात, साधारण १५-१६ अंक. त्यापुढचे अंक आधीच गेलेले असतात आणि बाकी तर त्या शेवटच्या अंकांवरच ठरते. तिथे दिसायला छान, ० ते २८८० मधलं उत्तर येतं आणि ते चूक असतं. −६५३ निदान ओरडून सांगतो की बिघडलंय.

योग्य रीत: पूर्ण घात कधीच काढायचा नाही. वर्ग कर, बाकी घे, पुन्हा वर्ग कर. २५ = १६ + ८ + १.

१००चा वर्ग १००००, बाकी १३५७
चौथा घात: १३५७चा वर्ग १८,४१,४४९, बाकी ४९०
आठवा: ४९०चा वर्ग २,४०,१००, बाकी ९७७
सोळावा: ९७७चा वर्ग ९,५४,५२९, बाकी ९१८
आता ९१८ × ९७७ = ८,९६,८८६, बाकी ८९५
आणि ८९५ × १०० = ८९,५००, बाकी १८९

सहा गुणाकारांत काम झालं. प्रोग्रॅममध्ये: निकाल १ने सुरू कर, घातांक विषम असेल तर निकालाला पायाने गुणून बाकी घे, मग पायाचा वर्ग करून बाकी घे, घातांक निम्मा कर, घातांक ० होईपर्यंत हेच. प्रत्येक गुणाकारानंतर लगेच बाकी. शेवटी एकदाच घेतली तर काहीच साधलं नाही.

हेच रिकर्सिव्ह लिहिताना एक चूक फार होते. निम्म्या घाताचं फंक्शन दोनदा बोलावून त्यांचा गुणाकार करतात. उत्तर बरोबर येतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण घातांक बी असेल तर वेळ टी(बी) = २टी(बी/२) + १ होतो, म्हणजे पुन्हा बीच्या प्रमाणात. एकदा बोलावून व्हेरिएबलमध्ये ठेव आणि त्याचा वर्ग कर: टी(बी) = टी(बी/२) + १, म्हणजे लॉग बी. अल्गोरिदमच्या पेपरातलं रिकरन्स इथे असं अंगावर येतं.

मर्यादाही लिहून ठेव. इंट वापरलास तर ४६,३४०चा वर्ग मावतो, ४६,३४१चा नाही; म्हणजे एन ४६,३४१च्या वर नको. लाँग लाँगमध्ये एन सुमारे ३०० कोटींपर्यंत चालतो. त्यापुढे जीसीसी कंपाइलरमधला १२८ बिटांचा प्रकार, नाहीतर गुणाकारसुद्धा दुप्पट आणि बेरीज करत, पावलागणिक बाकी घेत करायचा.

बाकी_शून्य
+१. त्यात सीच्या ऋण बाकीची भर घालतो. सीमध्ये −८८७ची २७७२ने बाकी −८८७च येते, कारण सी भागाकार शून्याच्या दिशेने तोडतो. पायथॉन १८८५ देतो. सीमध्ये बाकी घ्या, २७७२ मिळवा, पुन्हा बाकी घ्या. धन असो वा ऋण, उत्तर पट्ट्यात येतं. हे विसरून ऋण डी घातफंक्शनला दिला तर काही जणांचा लूप पहिल्याच फेरीत सुटतो आणि उत्तर १ येतं, काहींचा अनंत फिरतो. अट "शून्याहून मोठा" लिहिली की "शून्य नाही", आणि घातांक २ने भागून निम्मा केला की बिट उजवीकडे सरकवून, यावर ते ठरतं.

पायथॉन ३.८ पासून त्याच्या स्वतःच्या 'पॉव'ला २५, −१, २७७२ असे तीन आकडे दिले की थेट १८८५ मिळतो. सबमिशनला चालणार नाही, ताळा करायला उत्तम.

पॉइंटर_हरवला
१०२२६११२६१चं कोडं राहिलंच. ते फारच मजेदार आहे.

२१ × १,०२,२६,११,२६१ = २१,४७,४८,३६,४८१. आता २चा ३२वा घात, ४,२९,४९,६७,२९६, त्याची पाचपट कर: २१,४७,४८,३६,४८०. फरक बरोबर १!

म्हणजे झालं काय? २१च्या पटीला २७७२ने भागून बाकी १ येणं शक्यच नाही, म्हणून लूप पुढे पळत राहिला. गुणाकार ३२ बिटांबाहेर गेला की वरचे बिट गळतात, म्हणजे नकळत २च्या ३२व्या घाताने बाकी घेतली जाते. पाचव्यांदा ओलांडून गेल्यावर पहिलीच धन किंमत नेमकी १ आली, १ची बाकी १, लूप थांबला. तुझ्या प्रोग्रॅमने २१चा व्यस्त (ज्याने गुणल्यावर बाकी १ येते तो) काढला खरा, पण २७७२च्या नव्हे, २च्या ३२व्या घाताच्या मॉड्युलोने. २१ विषम आहे, त्यामुळे तो व्यस्त अस्तित्वात असतो. चुकीच्या प्रश्नाचं अगदी अचूक उत्तर.

(चिन्हासह इंटचा असा ओव्हरफ्लो सीच्या नियमात बसत नाही. ऑप्टिमायझेशन लावून कंपाइल केलंस तर वेगळंही काही होऊ शकतं.)

उपाय: ई वाचल्याबरोबर फायशी मसावि काढ. १ नसेल तर पुढे जाऊच नको. आणि तो लूप काढून टाक. युक्लिडला किती पायऱ्या लागतात याला बांध आहे: लहान संख्येच्या अंकांच्या पाचपटीहून जास्त नाही. हे लामेने १८४४मध्ये दाखवलं. २५ दोन अंकी, म्हणजे फार तर १०. आपल्याला बाकी ० येईपर्यंत ४ लागल्या.

वल्ली
बाकी_शून्य यांचा तक्ता वाचताना वाटलं, हे तर आपलं कुट्टक, असे प्रश्न सोडवायची जुनी भारतीय रीत. आर्यभटाने ४९९मध्ये सूत्ररूपाने दिलं, भास्कराचार्यांनी ११५०च्या लीलावतीत सविस्तर. क्षेप (मिळवायची संख्या) १ असेल तर त्याला स्थिर कुट्टक म्हणतात, म्हणजे आपलाच प्रश्न: भाज्य २७७२, हार २५, क्षेप १.

भागाकार एकाखाली एक मांडा, ही झाली वल्ली: ११०, १, ७. त्याखाली क्षेप १ आणि मग ०. आता तळातून वर चढा. शेवटून दुसऱ्याने त्याच्या वरच्याला गुणा, शेवटचा मिळवा आणि शेवटचा पुसा. ७ × १ + ० = ७. मग १ × ७ + १ = ८. मग ११० × ८ + ७ = ८८७. वर ८८७, खाली ८ उरले. भागाकारांची संख्या विषम (तीन) असेल तर भाज्य-हारातून वजा करायचे: २७७२ − ८८७ = १८८५ आणि २५ − ८ = १७. ताळा: २७७२ × १७ + १ = २५ × १८८५.

सगळ्या रीतीत ऋण संख्या एकदाही आली नाही. "विषम असेल तर वजा करा" या एका नियमात चिन्हाची सगळी भानगड मिटते. प्रोग्रॅम लिहायला तक्ता सोपा, हाताने करायला मला वल्ली जास्त आवडते. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी दिलेल्या दानाचा शिलालेख आहे, त्यांचा नातू चांगदेव याच्या काळातला. क्रिप्टोग्राफीच्या अभ्याससहलीला इतकं जवळचं ठिकाण शोधून सापडणार नाही.

लसावि
चौथ्या प्रश्नाबद्दल. आधी एक: अर्ज भरताना नाव नीट वाचा. संख्याशास्त्र म्हणजे स्टॅटिस्टिक्स, अंकसिद्धांत म्हणजे नंबर थिअरी आणि अंकशास्त्र म्हणजे नावाची स्पेलिंग बदलून नशीब काढणारे. वरवर सारखीच नावं, तीन वेगळ्या दुनिया.

एकच घ्यायचा तर रेषीय बीजगणित घ्या. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांपैकी गेटच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात तो आहे, जॅमच्या गणितात आहे. ग्राफिक्समधली फिरवाफिरव आणि मशीन लर्निंगमधलं जवळजवळ सगळंच त्यावर उभं आहे. अंकसिद्धांत या दोन्ही परीक्षांत वेगळा विषय म्हणून येत नाही. शिवाय आरएसएपुरता अंकसिद्धांत (मसावि, एकरूपता, फर्मा, ऑयलर, चिनी बाकी) सुट्टीत स्वतः करता येतो, वरच्या उदाहरणात तो निम्मा झालाच आहे. रेषीय बीजगणिताचं तसं नाही. मॅट्रिक्सची आकडेमोड एकट्याने जमते, पण व्हेक्टर स्पेस, पाया आणि रँक-नलिटी इथे चूक दाखवणारं कुणीतरी समोर लागतं.

वल्ली
इथे माझं मत उलटं. क्रिप्टोग्राफी किंवा सिक्युरिटीकडे जायचं नक्की असेल तर अंकसिद्धांतच घ्यावा. पुढे लागणारे गट आणि सांत क्षेत्रं तिथल्याच उदाहरणांतून कळतात. पण अजून ठरलं नसेल, तर लसावि म्हणतात तेच.

सहमूळ_संख्या
सगळ्यांचे आभार! लूप काढून तक्त्याची रीत घातली, घाताला वर्ग-बाकी घातली, १८९ आलं. १८९ पुन्हा उलगडून बघितलं: १८८५ आणि ३७ दोन्हींनी १०० परत आले. २१ दिल्यावर "मसावि २१, दुसरा ई द्या" असा मेसेज येतो.

नवीन अडचण: एम = ३००० दिला तर परत ११९ येतात. आणि तोंडीला "मग हे सुरक्षित कसं" विचारलं तर?

बाकी_शून्य
३००० − २८८१ = ११९. प्रोग्रॅम बरोबर आहे, संदेश एनपेक्षा मोठा आहे. एम नेहमी ० ते एन − १ मध्येच हवा. मोठा मजकूर तुकडे करून द्यायचा. एम वाचल्यावर ही तपासणीही घाला. आणि तपासताना ०, १ किंवा २८८० वापरू नका: ई विषम असल्याने हे तिन्ही जसेच्या तसे बाहेर पडतात, प्रोग्रॅम चुकलेला असला तरी कळणार नाही.

सुरक्षिततेचं: तुमचा २८८१ सुरक्षित नाहीच. मूळ संख्यांनी ओळीने भागत गेलं की चौदावीच ४३ आहे, हाताने पाच मिनिटांचं काम. खऱ्या वापरात एन २०४८ बिटांचा असतो, दशमानात ६१७ अंक. २५० अंकी आरएसए संख्या २०२० मध्ये फोडली गेली, तीही खूप मोठी यंत्रसामग्री लावून. ई बहुतेक ठिकाणी ६५५३७ असतो, म्हणजे २चा १६वा घात अधिक १. द्विमानात त्यात १ हा अंक दोनदाच येतो, म्हणून वरच्या वर्ग-बाकीच्या रीतीत १६ वर्ग आणि १ गुणाकार पुरतो. शिवाय एम थेट घाताला चढवत नाहीत, आधी त्यात यादृच्छिक भर घालतात. नाहीतर १०० पाठवला की प्रत्येक वेळी १८९च जाणार, आणि चोरून ऐकणारा ० ते २८८० सगळे एकदाच कूटबद्ध करून यादी करून ठेवेल. तोंडीला बहुधा याच्यावरच अडवतात.